भावाचा शर्ट आणि कमला दास : इंग्रजी अभ्यासमंडळाला खुलं पत्र

माननीय अध्यक्ष व सदस्य,
इंग्रजी अभ्यासमंडळ

स. न. वि. वि.

तालुक्याच्या गावातल्या एका महाविद्यालयात मी १९ वर्षं इंग्रजी शिकवते आहे. त्यातली ११ वर्षं तृतीय वर्ष बी.ए.चं 'भारतीय इंग्रजी कवयित्री' हे युनिट माझ्याकडे होतं. यंदाच्या नव्या अभ्यासक्रमात ते नाही. कमला दास यांची 'ॲन इंट्रोडक्शन' ही कविता ऐच्छिक पेपरात गेली आहे, आणि आमच्यासारख्या दोन शिक्षकांच्या विभागात तो पेपर कधीच सुरू होणार नाही. युनीस डिसूझा, गौरी देशपांडे, ममता कालिया यांच्या कविता पूर्णच वगळल्या आहेत. बैठकीच्या इतिवृत्तात कारण एका ओळीत दिलं आहे : ग्रामीण भागातील विद्यार्थिनींना हा आशय संकोचकारक वाटतो व तो त्यांच्या अनुभवविश्वापासून दूर आहे.

प्राचार्यांमार्फत दोन अर्ज केले. पोच मिळाली, उत्तर आलं नाही. म्हणून हे पत्र उघडपणे लिहिते आहे. ज्या मुलींचं नाव पुढे करून हा निर्णय झाला त्या मुलींनी आणि त्यांच्या आईवडिलांनीही ते वाचावं अशी माझी इच्छा आहे.

आधी अनुभवविश्वाबद्दल बोलते.

आमचा भाग कापसाचा. दिवाळीच्या पुढेमागे वेचणी सुरू झाली की वर्ग निम्म्यावर येतो. अशाच एका अर्ध्या वर्गात मी 'ॲन इंट्रोडक्शन' शिकवत होते. कवितेत एक जागा अशी आहे की लग्न झालेली, अजून वयात येत असलेली मुलगी भावाची पँट आणि शर्ट घालते, केस कापून टाकते. लगेच सगळे तिला सांगू लागतात : साडी नेस, मुलगी हो, बायको हो, भरतकाम कर, स्वयंपाक कर, नोकरांशी भांड, आमच्यात सामावून जा. मी फळ्यावर 'पितृसत्ता' असा शब्द लिहून त्याची फोड करत होते. मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "मॅडम, भावाचा शर्ट तर मी आत्ता रोज घालते. वेचायला जाताना आई स्वतः काढून देते. तोच शर्ट घालून कॉलेजला आले तर घरात घेणार नाहीत." तिच्या शेजारचीनं वाक्य पुरं केलं : "शर्ट कामाला चालतो, हौसेला चालत नाही."

सदस्यहो, साडीवर किंवा ड्रेसवर घरातल्या पुरुषाचा जुना फुल बाह्यांचा शर्ट चढवून वावरात जाणाऱ्या बायका आपण सगळ्यांनी पाहिल्या आहेत. बोंडांची टोकं हात ओरबाडतात, ऊन भाजतं, म्हणून तो शर्ट. मीही तो लहानपणापासून पाहत आले होते. कमला दास यांची कविता पहिल्यांदा वाचली तेव्हा मला तो आठवला नव्हता, इतकी वर्षं शिकवतानाही आठवला नव्हता. मुलींना लगेच आठवला. पुरुषाचे कपडे बाईच्या अंगावर कधी चालतात आणि कधी चालत नाहीत हे कोण ठरवतं, या प्रश्नावर त्या दिवशी तास संपल्याची घंटा झाल्यानंतरही वर्ग बसून होता. कोणाच्या अनुभवविश्वापासून ही कविता दूर आहे?

आता संकोचाबद्दल.

या ११ वर्षांत एकाही मुलीनं मला सांगितलं नाही की ही कविता शिकवू नका. संकोच दिसला तो मोठ्या माणसांमध्ये. एका वर्षी एका पालकानं तक्रार केली की मॅडम नवराबायकोच्या खोलीतल्या गोष्टी वर्गात काढतात. कविता विद्यापीठानंच नेमलेली होती, पुस्तक विद्यापीठाचं होतं. तरीही मला तीन दिवसांत लेखी खुलासा द्यायला सांगण्यात आलं. मी तो दिला. नेमलेल्या पुस्तकाचं नाव, पान क्रमांक, युनिट, तासांची संख्या, हजेरी. खाली सही. नेमून दिलेलं काम नीट केल्याबद्दल मी सही करून खुलासा देत होते, आणि मला तो देताना लाज वाटत होती. त्या लाजेचं मला अजून वाईट वाटतं.

तेव्हापासून एक शब्द मला सलतो. आपल्या जुन्या अभ्यासक्रमातही तो होता, गाईडांत तर प्रत्येक पानावर असतो. या कवितेला मराठीत समजावून सांगताना आम्ही सगळे शिक्षक 'कबुलीजबाबाची कविता' म्हणतो. 'कन्फेशनल' या इंग्रजी शब्दाचा तो सरळ अनुवाद. त्या शब्दाचा जन्मही ठाऊक आहे : रॉबर्ट लोवेल या अमेरिकन कवीच्या १९५९ सालच्या संग्रहावर लिहिताना एम. एल. रोझेन्थल या समीक्षकानं तो वापरला. पुढे तो सिल्व्हिया प्लाथ, ॲन सेक्स्टन या अमेरिकन कवयित्रींना लागला आणि तिथून आमच्याकडच्या बायकांना चिकटला. पण मराठीत कबुलीजबाब कोण देतो? आरोपी देतो, पोलीस ठाण्यात देतो. चर्चमधलं पापनिवेदन घेतलं, गोव्यातलं कुमसार घेतलं, तरी गुडघे टेकणारा स्वतःला पापी मानूनच टेकतो. १५ व्या वर्षी लग्न लावून दिलेल्या मुलीनं पुढे त्याबद्दल लिहिलं, तर तिनं कोणता गुन्हा कबूल केला?

केशवसुतांपासून आजपर्यंतच्या पुरुष कवींनी स्वतःच्या मनातलं, घरातलं, अंथरुणातलंही लिहिलं. त्याला मराठी समीक्षेनं आत्मनिष्ठ कविता म्हटलं. तो मानाचा शब्द आहे. बाईनं तेच लिहिलं की कबुलीजबाब. दलित कवयित्री हीरा बनसोडे यांनी आपल्या संग्रहाला 'फिर्याद' हे नाव दिलं होतं. ज्याच्यावर अन्याय होतो तो फिर्याद देतो, जो पाहतो तो साक्ष देतो. मला वर्गात हे दोन शब्द वापरायचे आहेत आणि उत्तरपत्रिकेत कोणी ते वापरले तर त्याचे गुण जाऊ नयेत असं वाटतं.

प्रश्नपत्रिकेतही हेच झालं आहे. मागच्या काही वर्षांचे प्रश्न माझ्याकडे जपून ठेवलेले आहेत. 'कमला दास यांच्या वैवाहिक जीवनाचे पडसाद त्यांच्या कवितेत कसे उमटले आहेत?' हा प्रश्न शब्द इकडेतिकडे करून वारंवार आला. एकदाही कोणी विचारलं नाही की ती कविता एका बाजूला इंग्रजी लिहू नको म्हणणाऱ्यांना आणि दुसऱ्या बाजूला साडी नेस म्हणणाऱ्यांना एकाच सुरात उत्तर कशी देते, भाषेवरचा हुकूम आणि शरीरावरचा हुकूम तिनं एकमेकांशेजारी का ठेवले. सुरुवातीलाच ती म्हणते की मला राजकारण कळत नाही, पण सत्तेवरच्यांची नावं नेहरूंपासून वारांच्या किंवा महिन्यांच्या नावांसारखी मला पाठ आहेत. देश स्वतंत्र झाला आणि नावं पाठ करणं तेवढं बायकांच्या वाट्याला आलं, असं मी ती ओळ वाचते. कवितेच्या शेवटी तीसुद्धा स्वतःला 'मी' म्हणते. त्या 'मी'पर्यंत पोचायला तिला अख्खी कविता लागते. परीक्षेत मात्र आम्ही मुलांना तिच्या नवऱ्याबद्दल लिहायला लावतो. मग पालकाला वाटणारच की मॅडम खोलीतल्या गोष्टी काढतात.

कमला दास यांची माहिती आपणा सर्वांना आहे, तरी दोन गोष्टी वाचकांसाठी सांगते. त्यांची आई बालामणी अम्मा मल्याळममधल्या थोर कवयित्री. १९६५ साली त्यांना 'मुत्तश्शी'साठी साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. मुत्तश्शी म्हणजे आजी. त्याच वर्षी मुलीचा 'समर इन कलकत्ता' हा कवितासंग्रह आला. बाई आई म्हणून, आजी म्हणून लिहिते तेव्हा तिची पूजा होते. त्याच घरातली दुसरी बाई बायको म्हणून लिहू लागते आणि गहजब होतो. १९७२ मध्ये त्यांचं आत्मकथन मल्याळम साप्ताहिकात क्रमशः येऊ लागलं. ते घरच्यांना नको होतं, तरी त्यांनी थांबवलं नाही. दुसरी गोष्ट अशी की त्यांनी सरळ रेषेत स्त्रीमुक्ती मांडली नाही. त्या स्वतःलाच खोडून काढत. आत्मकथनातलं खरं किती आणि रचलेलं किती याबद्दल वेगवेगळं बोलत. १९९९ मध्ये त्यांनी इस्लाम स्वीकारला, त्यावरून त्यांच्याच चाहत्या नाराज झाल्या. मला वाटतं, यासाठीच त्या विसाव्या वर्षाच्या मुलामुलींना शिकवायला हव्यात. बाईनं आधी निर्दोष आणि सुसंगत असलं पाहिजे, मगच तिचं ऐकू, ही अट पुरुष कवीला कोणी घातली नाही.

कमला दास ३१ मे २००९ रोजी पुण्यात वारल्या. युनीस डिसूझा १९४० साली पुण्यात जन्मल्या आणि मुंबईच्या सेंट झेवियर्समध्ये त्यांनी आयुष्यभर इंग्रजी शिकवलं. गौरी देशपांडे पुण्याच्याच, इरावती कर्वे यांची मुलगी, महर्षी कर्वे यांची नात. त्यांचे इंग्रजी कवितासंग्रह १९६८ ते १९७२ या काळात आले. मराठी विभाग म्हणतो त्या इंग्रजी कविता, आमच्याकडे नकोत. इंग्रजी विभाग म्हणतो त्या मराठी कथाकार. त्यांची एक कविता होती ती आपण काढलीत. आता आमच्या भागातला मुलगा किंवा मुलगी एम.ए. होऊनही त्यांची एकही कविता न वाचता बाहेर पडेल.

युनीस डिसूझा यांच्याबद्दल जास्त बोलायला हवं, कारण त्या सगळ्यात सोप्या इंग्रजीत लिहितात आणि आमच्या मुलांना सगळ्यात आधी कळतात. 'फिक्स' हा त्यांचा संग्रह १९७९ चा. त्यातल्या एका कवितेत सात वर्षांत सात मुलं झालेला एक प्रतिष्ठित कॅथलिक गृहस्थ आहे. चर्चचा आधारस्तंभ म्हणून सगळे त्याचं कौतुक करतात. शेवटच्या ओळीत त्या आधारस्तंभाची बायको काहीच बोलत नाही. एवढंच. मुलांना यावर निबंध लिहायला सांगितला की प्रत्येक गावातला तो गृहस्थ आणि प्रत्येक गावातली ती बायको कागदावर उतरते. दुसऱ्या एका कवितेत त्या म्हणतात की आईवडिलांना मुलगा हवा होता असं मी ऐकलं आहे, आणि त्या अपेक्षेला उतरायचा मी बराच प्रयत्न केला. २०११ मध्ये सातारा जिल्ह्यात 'नकुशा' नावाच्या अडीचशेहून अधिक मुलींना समारंभ करून नवी नावं देण्यात आली होती. माझ्या वर्गात त्या नावाची कोणी नव्हती, पण ही कविता शिकवल्यावर तिघी जणी वेगवेगळ्या दिवशी स्टाफरूममध्ये येऊन म्हणाल्या की आमच्याही घरी असंच झालं. नाव ठीक ठेवलं एवढंच. हा आशय त्यांच्यापासून दूर आहे असं लिहिण्याआधी आपण त्यांना विचारायला हवं होतं.

एक आक्षेप माझ्या सहकाऱ्यांकडूनही येतो. या कवयित्री शहरातल्या, सुखवस्तू घरातल्या, इंग्रजी बोलणाऱ्या. नोकरांशी भांड असा हुकूम ज्या मुलीला मिळतो तिच्या घरात नोकर असतात. हा आक्षेप मला पटतो, आणि म्हणूनच मला अभ्यासक्रम कमी करायचा नाही, वाढवायचा आहे. हीरा बनसोडे यांच्या एका कवितेत सवर्ण मैत्रीण घरी जेवायला येते आणि पानात दही-ताक नाही म्हणून टोकते. यजमानीण आठवते की लहानपणी चहालाही दूध नसायचं, आई लाकडाच्या वखारीतला भुसा आणून चूल पेटवायची. नवऱ्याच्या खोलीत घडतं तसंच मैत्रिणीच्या पानावरही काही घडतं. कवी आणि दलित पँथरचे नेते नामदेव ढसाळ यांच्या पत्नी मल्लिका अमर शेख यांचं १९८४ चं आत्मकथन आणि त्यांच्या कविता शिकवल्या तर चळवळीत समतेची भाषा बोलणाऱ्या घरातही बाईचं काय होतं हे मुलांना कळेल. आपण ज्या कवयित्री काढल्या त्यांच्या जागी या आणल्या असत्या, तर मी आपल्याशी भांडले असते पण समजूनही घेतलं असतं. जागी काय आलं? संभाषण कौशल्य आणि बायोडेटा लेखन. दोन्ही उपयोगाचं आहे, दोन्ही मी शिकवीन. त्यासाठी बायकांचंच युनिट का मोडलं, याचं कारण इतिवृत्तात नाही.

आणि हे सगळं परदेशातून आलं असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी : संत बहिणाबाई सतराव्या शतकातल्या. अगदी लहानपणी तिशीतल्या बिजवराशी त्यांचं लग्न लावलं गेलं. तुकोबांचा ध्यास घेतला म्हणून नवऱ्यानं मारलं. हे आम्हाला कोणा चरित्रकारानं सांगितलेलं नाही, त्यांनीच आपल्या अभंगांत लिहून ठेवलं आहे. वेद हाका देतात, पुराणं गर्जतात की बाईच्या संगतीत हित नाही, आणि मी तर जन्मानंच बाई, मग माझ्या परमार्थाची सोय कशी व्हायची, असा त्यांचा प्रश्न आहे. पतिव्रताधर्माचे अभंगही त्यांनीच लिहिले. मार आणि पतिव्रताधर्म एकाच वहीत. घर सोडून न जाताही घराबद्दल खरं सांगता येतं, हे त्यांच्याइतकं स्पष्ट मला दुसरीकडे दिसलेलं नाही. दुसऱ्या बहिणाबाई, आसोद्याच्या, शाळेत गेलेल्या नव्हत्या. कपाळावरचं कुंकू पुसलं गेल्यावर त्याखालची कर्माची रेषा उघडी पडली, असं त्यांनी ओवीत म्हटलं आणि ज्योतिषाला सांगितलं की माझ्या दारी येऊ नको. आमच्या गावाकडच्या बायकांना स्वतःबद्दल बोलायला संकोच वाटतो हे ज्यांनी लिहिलं, त्यांनी जात्यावरच्या ओव्या तरी एकदा वाचाव्यात.

आता सगळ्यात जड मुद्दा. कमला दास यांच्या त्याच 'ॲन इंट्रोडक्शन'मध्ये खोलीचं दार बंद होतं ती जागा आहे. त्यानं मारलं नाही, तरी माझं शरीर मार खाल्ल्यासारखं झालं, असं ती मुलगी सांगते. ही ओळ वर्गात वाचताना माझाही आवाज खाली येतो. पण ती वगळायची असेल तर कशासाठी? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या बायकांपैकी २१.९ टक्के जणींचं लग्न १८ पूर्ण होण्याआधी झालेलं आढळलं. म्हणजे साधारण पाचातली एक. माझ्या वर्गात दरवर्षी दोन-तीन मुली मंगळसूत्र घालून परत येतात, काही परतच येत नाहीत. नव्या भारतीय न्याय संहितेतही कलम ६३ च्या अपवादानं १८ वर्षांवरील पत्नीशी पतीनं केलेला संबंध बलात्काराच्या व्याख्येबाहेर ठेवला आहे. कायद्यात ज्या गोष्टीला शब्द नाही, घरात नाही, डॉक्टरसमोर नाही, तिला एका कवितेत शब्द मिळाला आहे. आपण तो काढून घेतलात. माझ्या मते या निर्णयातली सगळ्यात गंभीर चूक ही आहे.

मुलांचंही सांगते, कारण त्यांचा विचार इतिवृत्तात कुठेच नाही. एका मुलानं स्वाध्यायात लिहिलं होतं की बहिणीच्या लग्नात मी मांडवात वाढत होतो, ती बारावीला होती, ती खूश आहे का हे मी तिला विचारलं नाही. त्याच्या इंग्रजीत चुका होत्या. मी त्याला २० पैकी १७ दिले. आदर्श उत्तरात बसत नाही म्हणून बाहेरच्या तपासनीसानं ९ केले असते.

माझ्या मागण्या साध्या आहेत. कवयित्रींचं युनिट सक्तीच्या पेपरात परत आणावं, कमला दास आणि युनीस डिसूझा यांच्या किमान दोन-दोन कविता पूर्ण स्वरूपात, ओळी न गाळता. त्यांच्याबरोबर मराठीतल्या दलित कवयित्रींच्या अनुवादित कविता आणि संत बहिणाबाईंचे काही अभंग अनुवादासह घ्यावेत. युनिट मोठं होत असेल तर तासिका वाढवाव्यात. प्रश्नपत्रिकेत कवयित्रीच्या खासगी आयुष्यावर प्रश्न विचारणं बंद करावं, तशी लेखी सूचना प्राश्निकांना जावी. विहित पाठ शिकवल्याबद्दल कोणत्याही शिक्षकाकडून खुलासा मागू नये, असं परिपत्रक सर्व महाविद्यालयांना पाठवावं. हे मी माझ्यासाठी कमी आणि तासिका तत्त्वावर काम करणाऱ्या तरुण शिक्षिकांसाठी जास्त मागते आहे. त्यांना एका तक्रारीवर पुढच्या वर्षी बोलावलं जात नाही, म्हणून त्या असे पाठ आपणहून टाळतात. आणि 'संकोचकारक' ही ओळ इतिवृत्तातून काढावी, किंवा ती कोणत्या विद्यार्थिनींना विचारून लिहिली ते जाहीर करावं.

पुढच्या बैठकीत बोलायला मला दहा मिनिटं मिळावीत अशीही विनंती आहे. दोन माजी विद्यार्थिनी बरोबर येतील. एक आता जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, दुसरी अजून कापूस वेचते.

तोपर्यंत दर शनिवारी दुपारी २ ते ३ मी महाविद्यालयाच्या वाचनालयात या कविता वाचते आहे. हजेरी नाही, गुण नाहीत, क्रेडिट नाही. सध्या १७ मुली आणि ४ मुलगे येतात. वेचणी सुरू झाली की वेळ संध्याकाळची करावी लागेल, तसं मुलींनी आताच सांगून ठेवलं आहे. मंडळातल्या कोणाही सदस्यानं येऊन बसावं. आपणा सर्वांना आग्रहाचं निमंत्रण आहे.

आपली नम्र,
इंग्रजीची एक प्राध्यापिका